बोटांखालची अक्षरे : ब्रेल पाटीपासून ब्रेल संगणकापर्यंत

महाभारत व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा आपल्या घरांत लहानपणीच कानावर पडते. सांगणारा मध्ये थांबला तर लेखणी खाली ठेवीन, ही गणपतीची अट. आणि अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही, ही व्यासांची उलट अट. दोन्ही अटी आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण व्यासांना लाभला तसा लेखनिक सर्वांच्या नशिबी नसतो. परीक्षेचा पेपर लिहायला, बँकेतला अर्ज भरायला, घरी आलेले पत्र वाचून घ्यायला ज्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांची आणि हाताची वाट पाहावी लागते, अशी माणसे आपल्याच गल्लीत, आपल्याच नात्यात आहेत. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा अभ्यास कितीही पक्का असो, उत्तरपत्रिकेतले शुद्धलेखन लेखनिकाचे असते आणि गुण विद्यार्थ्याचे जातात.

आपले आपण वाचावे, आपले आपण लिहावे, एवढ्याशा हक्कासाठी दृष्टिहीनांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दोनशे वर्षे खटपट केली. या खटपटीतून आज हातात धरता येईल, पिशवीत टाकून कुठेही नेता येईल असा ब्रेल संगणक तयार झाला आहे. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्याचीच हकीकत सांगणार आहोत.

पॅरिसचा मुलगा आणि सहा ठिपके

लुई ब्रेलचा जन्म ४ जानेवारी १८०९ चा. गाव पॅरिसजवळचे कूप्व्रे. वडील घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचा साज करीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कारखान्यात खेळत असताना हत्यार डोळ्याला लागले, जखम चिघळली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी, १८१९ मध्ये, त्याला पॅरिसच्या अंधशाळेत घातले. ही शाळा व्हॅलेंटीन हाउई यांनी स्थापन केलेली. तिथे पुस्तके होती, पण ती कशी? नेहमीचीच रोमन अक्षरे जाड कागदावर उठावात छापलेली. एकेका अक्षराभोवती बोट फिरवून ते ओळखायचे. पुस्तके मोजकी आणि फार जड. शिवाय मुलाला स्वतःला काही लिहायचे असेल तर त्याची सोय जवळपास नव्हतीच.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लेखनपद्धत या शाळेत आली. तिच्यात एका चिन्हाला बारापर्यंत ठिपके लागत आणि ती उच्चारांवर बेतलेली होती. बारा ठिपके एका बोटाच्या टोकाखाली मावत नाहीत, बोट वरखाली हलवावे लागते. लुईने हीच अडचण हेरली. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत, म्हणजे १८२४ च्या सुमारास, त्याने सहा ठिपक्यांची लिपी सिद्ध केली. तीन-तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या रांगा, त्यांतून ६३ वेगवेगळी चिन्हे आणि प्रत्येक चिन्ह एका स्पर्शात कळणारे. १८२९ मध्ये त्याने ही पद्धत छापून प्रसिद्ध केली. डोळस शिक्षकांना ती पटायला फार वेळ लागला. १८५२ मध्ये लुई क्षयाने वारला आणि त्यानंतर दोन वर्षांनी फ्रान्सने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली.

या लिपीचे मोठे वैशिष्ट्य असे की तीत वाचणाऱ्यालाच लिहिताही येते. खाचा असलेली पाटी आणि एक टोकदार टोचा एवढे सामान पुरते. मात्र ठिपके कागदाच्या मागच्या बाजूने टोचायचे असल्यामुळे लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. लाखो दृष्टिहीन मुले याच पाटीवर शिकली आणि आजही शिकतात.

आपल्या देशात ब्रेल

भारतातली पहिली अंधशाळा १८८७ मध्ये अमृतसरला मिस अ‍ॅनी शार्प यांनी काढली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. तो काळ मोठ्या दुष्काळाचा होता. अशा शाळांतून ब्रेल आपल्याकडे रुजू लागली खरी, पण एक गोंधळ झाला. ज्याने त्याने आपापल्या भाषेसाठी ठिपक्यांची वेगळी योजना केली. एका प्रांतात छापलेले पुस्तक दुसऱ्या प्रांतातल्या मुलाला वाचता येईना.

स्वातंत्र्यानंतर हा गोंधळ मिटवण्याचे काम झाले आणि १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ठरली. त्याच वर्षी देहरादूनला देशातला पहिला ब्रेल छापखाना सुरू झाला. भारती ब्रेलचे सूत्र सोपे आहे. उच्चार एक तर ठिपके एक, मग भाषा मराठी असो, गुजराती असो की तेलुगू. इथे आम्हां बडोदेकरांना थबकायला होते. आमची मुले शाळेत गुजराती लिपी शिकतात आणि घरी देवनागरीशी झटापट करतात. पण बडोद्यातल्या एखाद्या दृष्टिहीन मुलाने गुजराती ब्रेल शिकली, तर मराठीचीही बहुतेक सगळी अक्षरे त्याला येऊन चुकलेली असतात. डोळ्यांना ज्या दोन लिप्या आहेत, त्या बोटांना एकच आहेत.

आणखी एक गंमत. ‘गणपती’ हा शब्द भारती ब्रेलमध्ये पाच घरांत लिहितात : ग, ण, प, त आणि शेवटी दीर्घ ई. स्वर व्यंजनामागून, उच्चाराच्या क्रमाने येतो. म्हणून छपाईत पहिल्या वेलांटीची ‘अक्षराच्या आधी, पण उच्चार नंतर’ अशी जी कसरत असते, ती इथे नाही. ‘गणपति’ असे ऱ्हस्व लिहिले तर शेवटचे घर बदलते आणि ते बोटाला लगेच कळते. जोडाक्षर असेल तर त्याच्या आधी एक सुटा ठिपका येतो. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, ‘न’ की ‘ण’, ‘श’ की ‘ष’, ‘ल’ की ‘ळ’, जोडाक्षर कुठे फुटते, हे सगळे वाचणाऱ्याला हाताने समजते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

सहा कळांचे यंत्र

पाटी-टोच्याने लिहिणे स्वस्त खरे, पण सावकाश. एकेक ठिपका टोचत जावे लागते. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात फ्रँक हॉल यांनी सहा कळांचे ब्रेल टंकलेखन यंत्र केले. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या पर्किन्स अंधशाळेत सुतारकाम शिकवणारे डेव्हिड अब्राहम यांनी फार मजबूत यंत्र घडवले. ते ‘पर्किन्स ब्रेलर’ या नावाने १९५१ मध्ये बाजारात आले. योगायोग असा की आपली भारती ब्रेल ठरली तेही याच वर्षी.

या यंत्राला कळा सहाच. डाव्या हाताच्या तीन बोटांखाली पहिले तीन ठिपके, उजव्या हाताच्या तीन बोटांखाली पुढचे तीन आणि मधोमध शब्द सोडण्याची कळ. हार्मोनियमवर एकदम दोन-तीन पट्ट्या दाबाव्यात तशा एका अक्षराच्या सगळ्या कळा एकदम दाबायच्या. ‘ग’ हवा तर पहिली, दुसरी, चौथी आणि पाचवी. सराव झाला की हात भराभर चालतो. मात्र यंत्र धातूचे, जवळजवळ पाच किलो वजनाचे आणि चालताना खडखड करणारे. वर्गात एकाने लिहायला घेतले की सगळ्यांना कळते.

वजनाची खरी अडचण पुस्तकांची होती. ब्रेलचे अक्षर बोटाच्या टोकाएवढे, त्याहून लहान करता येत नाही. कागद जाड लागतो आणि उठावामुळे पानांवर पान नीट दाबून बसत नाही. आपण प्रवासात हातात धरून वाचतो त्या कादंबरीचे ब्रेलमध्ये कित्येक जाडजूड खंड होतात. अंधांच्या साहित्याला टपालखर्च माफ असतो, याचे कारण यावरून ध्यानात यावे. सयाजीराव महाराजांच्या काळी बडोदे संस्थानात गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जात. त्या पेट्या ब्रेल पुस्तकांनी भरल्या असत्या, तर एकेका पेटीत दोन-चार पुस्तकेच मावली असती.

ठिपके हलू लागले

कागदच नको, एकच ओळ असावी आणि तिच्यातले ठिपके वाचून झाले की आपोआप बदलावेत, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्षात आली. तिचे मूळ पुन्हा पॅरिसमध्येच सापडते. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवले. उलट, वीज दिली की असा पदार्थ किंचित आकार बदलतो. या गुणाच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या आणि त्यांना सुमारे २०० व्होल्टचा दाब दिला, की पट्टी जराशी वाकते. त्या वाकण्याने तिच्या टोकावरची बारीक खुंटी वर उचलली जाते. हीच खुंटी म्हणजे ब्रेलचा ठिपका. विजेचा प्रवाह इतका कमी लागतो की बोटाला धोका नसतो आणि लहानशा बॅटरीवर काम भागते.

संगणकी ब्रेलमध्ये एका घरात सहाऐवजी आठ ठिपके असतात. खालचे दोन जादा ठिपके लिहिण्याची जागा कुठे आहे ते दाखवायला वगैरे उपयोगी पडतात. म्हणजे एका घराला आठ पट्ट्या आणि आठ खुंट्या. चाळीस घरांच्या ओळीला ३२०. प्रत्येक घराच्या वर एक बारीक बटण असते. ते दाबले की लिहिण्याची जागा नेमकी त्या अक्षरावर येते. दुरुस्ती करताना त्याची किंमत कळते.

१९७० चे दशक संपता संपता अमेरिकेत ‘व्हर्साब्रेल’ हे यंत्र निघाले. गाण्यांच्या कॅसेटवर मजकूर साठवायचा आणि वीस घरांच्या ओळीवर तो वाचायचा, अशी त्याची रचना होती. जाडजूड खंड कॅसेटमध्ये जाऊन बसले. यंत्र उचलून नेता येई, पण ते वजनदार होते आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते.

खिशाकडे वाटचाल

यानंतरच्या टप्प्यातले एक नाव आवर्जून सांगायला हवे : टिम क्रॅन्मर. ते स्वतः दृष्टिहीन होते आणि अमेरिकेतल्या केन्टकी राज्यात अंधांसाठीच्या सरकारी खात्यात काम करीत. त्यांनी ‘पॉकेटब्रेल’ नावाचे छोटे यंत्र जुळवले. ती कल्पना पुढे नेऊन डीन ब्लेझी या अभियंत्याने १९८७ मध्ये ‘ब्रेल अँड स्पीक’ बाजारात आणले. आकाराने व्हिडिओ कॅसेटएवढे. सहा कळा आणि मधली कळ, बस्स. पडदा नाही, कागद नाही. ब्रेलमध्ये लिहायचे आणि यंत्र ते बोलून दाखवायचे. टाचणे, पत्ते, हिशेब, दिनदर्शिका सगळे आत राही. विद्यार्थी वर्गात मांडीवर ठेवून टिपणे घेऊ लागले, वकील कोर्टात नेऊ लागले. खडखडाट संपला.

पण यात एक उणीव होती. यंत्र बोलत होते, ठिपके उमटत नव्हते. ती उणीव १९९० च्या दशकात ‘ब्रेल लाइट’ने भरून काढली. त्यावर अठरा घरांची हलत्या ठिपक्यांची ओळ होती. २००० मध्ये न्यूझीलंडच्या पल्स डेटा कंपनीने ‘ब्रेलनोट’ आणले. त्यात लेखन, ईमेल, पुस्तकवाचन, गणन सगळे एकाच यंत्रात होते. ही कंपनी पुढे ‘ह्यूमनवेअर’ म्हणून ओळखली गेली. कोरियाच्या ‘हिम्स’ कंपनीनेही असे संगणक केले. लुईच्या मित्रांना ज्या पुस्तकांसाठी कपाटे लागली असती, ती आता खांद्यावरच्या पिशवीत मावू लागली.

मग अडले कुठे?

अडले किमतीवर. घरटी आठ नाजूक पट्ट्या, त्या बनवणारे कारखाने जगात मोजके आणि गिऱ्हाईकही मोजकेच. त्यामुळे ब्रेल संगणकाची किंमत हजारो डॉलरांत राहिली. अमेरिका-युरोपात सरकार, शाळा किंवा मालक तो घेऊन देत. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरालाही ते जमण्यासारखे नव्हते.

त्याच काळात बोलणारे संगणक स्वस्त झाले. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ‘एनव्हीडीए’ हा प्रोग्राम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाला आणि तो फुकट मिळतो. मोबाइल बोलू लागला. असंख्य दृष्टिहीनांची शिक्षणे आणि नोकऱ्या त्याच्या आधारावर झाल्या, त्याचे मोल कमी नाही. पण त्याबरोबर एक प्रश्नही आला. सगळे ऐकून होत असेल, तर ब्रेल शिकायची कशाला?

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर द्यायला आपल्यासारखी मराठी कुटुंबे फार लायक आहेत. आपल्या किती घरांत नातवंडे मराठी छान बोलतात, आरत्या तोंडपाठ म्हणतात, पण आजीचे पत्र वाचता येत नाही, दोन ओळी मराठीत लिहिता येत नाहीत? ती भाषा त्यांच्या कानात आहे, हातात नाही. बोलता येणे आणि वाचता-लिहिता येणे यांतले अंतर आपण तीन-चार पिढ्या पाहतो आहोत, आणि म्हणूनच आपण सुट्टीत मराठी वर्ग चालवतो. जो दृष्टिहीन मुलगा केवळ ऐकून शिकतो, त्याची गत तशीच होते. ‘गणपती’तली वेलांटी पहिली की दुसरी, हे आवाजावरून कळत नाही. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांतला फरक ज्याच्या कानावर नीट पडला नाही, त्याला तो सांगणार कोण? गणिताची मांडणी, कवितेच्या ओळी, संगीताचे लेखन, भाषणाची टिपणे, ही नजरेची नाहीतर बोटांची कामे आहेत. ब्रेल संगणकाने ही गोष्ट सांभाळली. यंत्र आधुनिक झाले, पण त्याने वाचकाला पुन्हा केवळ श्रोता केले नाही.

अलीकडची पावले

गेल्या दहा-बारा वर्षांत किमतीची गाठ थोडी सैल झाली आहे. वेगवेगळ्या देशांतल्या अंध संस्थांनी एकत्र येऊन स्वस्त यंत्रासाठी पैसा उभा केला. त्यातून वीस घरांचे ‘ऑर्बिट रीडर’ तयार झाले. ते बारीक मेमरी कार्डावरची पुस्तके वाचते आणि जुन्या यंत्रांच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे. आपल्या देशात आयआयटी दिल्लीने इतर संस्थांच्या साथीने ‘डॉटबुक’ हा ब्रेल लॅपटॉप तयार केला आणि तो २०१९ मध्ये लोकांपुढे आणला. परदेशी यंत्रांपेक्षा कमी किमतीत देशी भाषांच्या वाचकाला सोय मिळावी, हा त्यामागचा हेतू.

कायदाही बदलला. लेखकाची परवानगी घेता घेता पुस्तक ब्रेलमध्ये यायला वर्षे जात. भारताने २०१२ च्या दुरुस्तीने हा अडथळा काढला. २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर जागतिक करार झाला, आणि तो सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मंजूर करणारा देश भारत होता.

मराठीपुरते सांगायचे तर २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. छापील मजकुराचे ब्रेल करणारा ‘लिब्लुई’ हा मुक्त प्रोग्राम आज अनेक ब्रेल यंत्रांच्या मुळाशी आहे. जॉन बॉयर या दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या माणसाने तो सुरू केला आणि त्याच्या नावात लुई ब्रेलचे नाव गुंफलेले आहे. मराठीचे नियम त्यात आहेत. म्हणजे मराठी मजकूर संगणकात योग्य रीतीने लिहिलेला असेल, तर काही क्षणांत तो बोटांखाली येऊ शकतो.

आपल्या हातचे काम

‘योग्य रीतीने लिहिलेला असेल तर’ या शब्दांपाशी आपला संबंध येतो. आपल्या स्मरणिका, मंडळांची मुखपत्रे, कुटुंबवृत्तान्त वर्षानुवर्षे छापखान्याच्या जुन्या फाँटात जुळवले गेले. अशा फाँटात पडद्यावर ‘ग’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो कुठलेतरी इंग्रजी अक्षर असतो. त्याचे ब्रेल केले तर हाती निरर्थक ठिपके येतात. तोच मजकूर युनिकोडमध्ये असेल तर बडोद्याचा, इंदूरचा, बेळगावचा किंवा हैदराबादचा दृष्टिहीन वाचक तो आपल्या यंत्रावर त्याच दिवशी वाचू शकतो. त्याला त्यासाठी कोणाची मिनतवारी करावी लागत नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, स्मरणिकेची युनिकोडमधली प्रत दरवर्षी जपून ठेवावी आणि मागेल त्याला द्यावी. दुसरी, उत्सवातल्या निबंध आणि वाचन स्पर्धांच्या नियमांत ‘ब्रेलमध्ये लिहिलेले किंवा ब्रेलवरून वाचलेले चालेल’ ही ओळ घालावी. तिसरी, परीक्षांच्या दिवसांत लेखनिक म्हणून जाऊ शकतील अशा तरुणांची नावे मंडळाकडे असावीत. ब्रेल संगणक प्रत्येकाच्या हाती पोहोचायला अजून वेळ आहे, आणि तोवर चांगल्या लेखनिकाची गरज राहणारच. लेखनिकाने मात्र व्यासांची अट पाळावी. सांगितलेले नीट समजून घ्यावे आणि मगच लिहावे.